पोटात राहिलेला दुष्काळ

जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. कागदावर दोघंही बेताच्या बांध्याचे. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच वजनाच्या आपल्या माणसात चरबी दुपटीहून जास्त, आणि स्नायू तेवढे कमी.

हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या नात्यातले कितीतरी लोक आठवले. हातपाय बारीक, गालफडं बसलेली आणि सदऱ्याखाली पोट मात्र पुढे आलेलं. लग्नाच्या पंगतीत ओळीनं बसलेले काका-मामा असेच दिसतात. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही. रक्त तपासलं की साखर सापडते आणि मग घरात सगळे म्हणतात, 'अहो, हे तर एवढे बारीक, यांना कशी झाली?'

या प्रश्नाचं उत्तर शोधायला याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. १९९३ पासून त्यांनी तिथल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या गरोदर राहिल्या की काय खातात, किती काम करतात, बाळ केवढं होतं, हे सगळं लिहून ठेवलं. या बायका साधारण पाच फूट उंचीच्या आणि बेचाळीस किलोंच्या आसपासच्या. शेतावरचं काम, पाणी, धुणं, चूल, सगळं दिवस भरेपर्यंत चालू. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पुढे जे आढळलं त्याने सगळेच चकित झाले. आपली बाळं प्रत्येक मापात लहान होती. लांबीत, डोक्याच्या घेरात, पोटातल्या अवयवांत, स्नायूंत. फक्त कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याएवढीच होती. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा बाळाच्या शरीराने मेंदू आणि चरबी सांभाळली, आणि दंडाचं, मांडीचं, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या स्वादुपिंडाचं वाढणं मागे ठेवलं. वजनाने कमी आणि चरबीने भरलेलं असं ते मूल जन्मतःच दोन्ही टोकं घेऊन आलं.

कुपोषण आणि लठ्ठपणा या दोन वेगळ्या लोकांच्या गोष्टी आहेत असं आपण समजून चालतो. एक मेळघाटातली, नंदुरबारची, मोखाड्या-जव्हारची. दुसरी पुण्या-मुंबईतल्या बंद काचांच्या गाड्यांमधली. एकीसाठी दान करायचं, दुसरीसाठी जिमची फी भरायची. माझ्या डोळ्यासमोर मात्र हे दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या आयुष्यात घडलेलं आहे.

माझी आत्या १९७३ ची. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव कोरडवाहू. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजूनही वर्षं त्याच्यापासून मोजतात. 'बहात्तरच्या आधी', 'बहात्तरनंतर'. आजी पोटुशी असताना पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. उपासमारीने लाखोंनी मरण्याचं संकट या कामांमुळे टळलं, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. ही या राज्याची फार मोठी कमाई आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो. पण जगणं आणि पोटभर खाणं यांत अंतर असतं. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. आजी सांगायची, सुकडी मी पदरात बांधून घरी आणायची, पोरांना द्यायची. पोटातल्या पोराला वेगळं काही द्यायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट जुन्या बायका सांगत, गरोदरपणी फार खाऊ नये, पोर मोठं झालं तर बाळंतपणात अडतं. दवाखाना कोसभर लांब असलेल्या गावात हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. अडलेली बाई मरायची, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

आत्या जन्मली ती एवढीशी. जगली. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि लगेच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, एकट्या माणसाला देत नाही. म्हणून मुलाचं लग्न लवकर लावायचं, आणि मागे राहणाऱ्या मुलीची राखण कोण करणार म्हणून मुलीचंही. बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा साधारण बावीस टक्के आहे. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं. फडाच्या कडेला खोप उभी राहते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी बडवायच्या, उजाडायच्या आत फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत टाकायच्या. जेवण म्हणजे भाकरी, ठेचा आणि चहा. चहात साखर भरपूर, कारण भूक मारायला तेवढीच हाताशी. दूध, अंडं, डाळ, पालेभाजी हे गावी परतल्यावर. गावच्या अंगणवाडीत नाव असलेलं मूल फडावर गेलं की अंगणवाडीचा आहार गावातच राहतो, आणि जिथे ते मूल खरोखर असतं तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव नसतं. काही ठिकाणी आता व्यवस्था झाली आहे, साखरशाळा चालतात, वसतिगृहांची योजनाही आली आहे. तरी वाढीच्या वयातले पाच-सहा महिने दर वर्षी असे जातात.

देशभर पोचणारी साखर अशा अंगांनी तोडलेल्या उसाची असते, ही गोष्ट मला फार छळते. साखर कारखान्यांनी पश्चिम महाराष्ट्रात रस्ते, शाळा, महाविद्यालयं उभी केली. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे सुरू केलं त्याने शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या वर आल्या. पण त्या साखरेच्या किमतीत कोयत्यावरच्या बाईचं अंग कधी धरलं गेलं नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत सुटी घेतली तर खाडा पडतो, खाड्याचा दंड कापला जातो, आणि अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं तर 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. अशक्त शरीराची किंमत ही अशीही वसूल होते.

आत्या आणि तिचा नवरा नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवडला आले. तो वर्कशॉपमध्ये लागला, ती चार घरी पोळ्या लाटायची. पैसा हातात खेळू लागला. मुलांना आपल्यासारखं उपाशी ठेवायचं नाही, हा तिचा एकच ध्यास. सकाळी चहात बुडवायला खारी, दुपारी रेशनचा भात, संध्याकाळी वडापाव, पोरांनी हट्ट केला की पाच रुपयांचं पाकीट. भाकरी मागे पडली, कारण ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आणि भाकरीला वेळही लागतो. अडतिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तेव्हाही ती काटकुळीच दिसायची, फक्त पोट सुटलेलं. पुढे मूत्रपिंडं गेली. तिचा मोठा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, कॅब चालवतो, वजन शंभराच्या पुढे. सून तिशीच्या आत, हिमोग्लोबिन आठ.

आत्याचा आजार दुष्काळामुळेच झाला असं कुठला डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही आणि मीही सांगत नाही. एका माणसाबाबत असं सिद्ध करता येत नाही. पण पोटातल्या उपासमारीचा पुढच्या आयुष्यातल्या साखरेशी संबंध आहे, हे अनेक देशांत दिसलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्न तोडलं गेलं. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीला साखर पचवण्याची ताकद कमी आढळली. ती मुलं नंतर सुबत्तेत वाढली, तरीही. आपल्याकडे तर हिवाळाभर चाललेली ती एखादी उपासमार नाही. आजी कमी जेवली, तिची आई कमी जेवली, तिच्याही आधीची कमी जेवली.

या घराच्या खर्चाचा हिशेब मी अनेकदा मनाशी मांडला आहे. डायलिसिस सरकारी योजनेत मोफत होतं, आणि ही योजना नसती तर आत्या केव्हाच गेली असती. पण आठवड्यातून तीन वेळा रिक्षा लागते. रक्त वाढवायची इंजेक्शनं बऱ्याचदा बाहेरून आणावी लागतात. ज्या दिवशी मुलगा तिला घेऊन जातो त्या दिवशी कॅब उभी राहते आणि हप्ता मात्र उभा राहत नाही. आधी बचत गटाचं कर्ज झालं, मग सोनं गहाण पडलं, मग गावाकडची दोन एकरांची पट्टी गेली, तीच पट्टी जी बहात्तरच्या दुष्काळातही आजोबांनी विकली नव्हती. सून एका कंपनीत पॅकिंगचं काम करायची, ते तिने सोडलं. सासूला सोबत कुणीतरी हवं. तिचा सोडलेला पगार कुठल्याही रुग्णालयाच्या बिलात येत नाही, कुठल्याही खात्याच्या अंदाजपत्रकात येत नाही. या आजारांचा खर्च देशाला किती पडतो याचे मोठमोठे आकडे मी वाचते तेव्हा मला पहिल्यांदा तिची आठवण येते, आणि तो आकडा खराच्या मानाने कमी असणार अशी खात्री वाटते.

आकडे तरी काय सांगतात ते पाहू. बालपणी उंची खुंटल्यामुळे मोठेपणी उंचीत एक टक्का घट झाली, तर कमाईच्या क्षमतेत सुमारे १.४ टक्के घट होते, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. त्याहून मला पटणारं उदाहरण ग्वाटेमालाचं. तिथल्या चार खेड्यांत १९६९ पासून काही वर्षं एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना 'अतोले' नावाची प्रथिनयुक्त पेज दिली, दोन गावांतल्या मुलांना साधं गोड पेय. मुलं मोठी झाल्यावर संशोधक त्यांना पुन्हा भेटले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या मुलग्यांना पेज मिळाली होती ते दर तासाला ४६ टक्के जास्त कमावत होते. शिकवणी नाही, बियाणं नाही, कर्ज नाही. वाटीभर पेज, पण योग्य वयात. मुलींच्या मजुरीत तसा फरक दिसला नाही. त्यांच्या मुलांत मात्र दिसला. त्यांची बाळं जास्त वजनाची आणि उंच झाली. मुलगी खाते तेव्हा तिच्यापुरतं थांबत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा पुरावा मी वाचलेला नाही.

महाराष्ट्राचं चित्र त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने किडकिडीत. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी साधारण एकवीस टक्के जणी हव्या त्याहून बारीक आणि तेवीस टक्के जणी हव्या त्याहून जाड. जवळजवळ तेवढ्याच. आणि निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी. देशात मधुमेही माणसं दहा कोटींच्या वर आहेत, असं २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या पाहणीने सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली आणखी साडेतेरा कोटी.

रक्त कमी असलेली बाई आपल्याला आजारी वाटतच नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. ती थकलेली असते, तर आपण तिला कष्टाळू म्हणतो. चिडते, तर तोंडाळ म्हणतो. जिना चढताना धापा टाकते, तर 'वय झालं' म्हणतो, ती बत्तीस वर्षांची असली तरी. जाड मुलीचं दुःख वेगळं. तिला शाळेपासून टोमणे, स्थळ पाहायला आलेल्यांचे शेरे, आणि घरातल्यांचं 'जरा कमी गिळ'. ती मग उपास करते, साबुदाणा खाते, वजन वाढतं. पुरुषाचं पोट मात्र 'खात्यापित्या घरातलं' ठरतं आणि त्याची तपासणी पहिल्या झटक्यापर्यंत लांबते. भूक असो की मेद, आपण दोन्हींचं खापर माणसाच्या स्वभावावर फोडतो. त्याच्या ताटात काय आलं, का आलं आणि काय येऊ शकलं नाही, इकडे आपली नजर वळत नाही.

खरं तर हे बदलता येतं, आणि बदलून दाखवलेलं आहे, तेही इथेच. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकात राज्य हादरलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतचे पहिले हजार दिवस धरायचे, अंगणवाडीताई आणि आरोग्यसेविका यांनी एकत्र वजनं घ्यायची, रिकाम्या जागा भरायच्या, असं साधंच काम नेटाने झालं. दोन वर्षांखालच्या बुटक्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आलं. सात वर्षांत एवढी उतरण जगात फार कमी ठिकाणी झाली आहे. नंतरच्या पाहण्यांत पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा ३४-३५ वर अडकून बसला. लक्ष दुसरीकडे गेलं, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एक अंडं देण्याचं ठरलं. एका अंड्याचे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला की अंड्यासाठी सरकार वेगळा निधी देणार नाही, शाळांनी ते लोकसहभागातून करावं. वर्षाची तरतूद पन्नास कोटींच्या घरातली होती. ज्या गावात लोकसहभाग उभा राहू शकतो त्या गावातल्या मुलांना घरी अंडं मिळतंच. ज्या वस्तीत ते मिळत नाही तिथे लोक कशातून सहभाग देणार? हा निर्णय वाचला तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पाच रुपयांचं अंडं परवडत नाही असं म्हणणाऱ्या राज्यात पाच रुपयांचं तेलकट पाकीट प्रत्येक पाड्यावरच्या दुकानात टांगलेलं असतं, आणि डायलिसिसचं केंद्र आता तालुक्या-तालुक्यात उभारावं लागतं.

आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत बाईला एक वेळचं पूर्ण गरम जेवण. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर काही महिने. चांगली योजना आहे, ती वाढली पाहिजे. पण बाळाचे अवयव पहिल्या तिमाहीतच घडतात, आणि तेव्हा आपण गरोदर आहोत हे तिला नुकतंच कळलेलं असतं. फडावर असेल तर तेही उशिरा कळतं.

म्हणून पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत पुढे जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं वाढली, त्यांची मापं घेणं थांबलं नाही. त्यांच्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, कारण दूध-अंडं-मांस ताटात नव्हतं. २०१२ मध्ये याज्ञिक यांच्या चमूने या मुलामुलींना, ती सतरा-अठराची असताना, लग्नाच्या आणि दिवस राहण्याच्या आधीच, रोज थोडंसं बी-१२ द्यायला सुरुवात केली. मात्रा दोन मायक्रोग्रॅम; डोळ्यांना दिसणारही नाही एवढी. त्यातल्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. ती मुलं दोन-तीन वर्षांची झाल्यावर त्यांच्या मेंदूची वाढ तपासली. ज्यांच्या आयांना बी-१२ मिळालं होतं त्यांची मुलं समजेच्या चाचण्यांत सरस निघाली.

हे काम पोरींच्या सतराव्या वर्षी झालं, आत्या ज्या वयात कोयता धरून फडात उभी होती त्याच वयात. आत्याची नात, तिच्या लेकीची मुलगी, यंदा बारावीला आहे. तिचं हिमोग्लोबिन कॉलेजच्या शिबिरात नऊ निघालं, गोळ्यांची पट्टी हातात दिली गेली, आणि तिने मला विचारलं की या खाऊन पोटात मळमळतं, बंद केल्या तर चालेल का. मी तिच्या आईला फोन केला. गोळी जेवणानंतर घ्यायची, वर लिंबू पिळायचं, चहा तास-दीड तास लांब ठेवायचा, हे सांगितलं. आणि घरात अंडी आली की पहिलं अंडं तिच्या ताटात, भावाच्या नंतर.

'नंतर का?' तिच्या आईने विचारलं. मी म्हटलं, चुकले, आधी.